लाकडी जहाजाचं पहिलं मॉडेल: फळ्या वाकतात कुठे, बिघडतात कुठे

पहिल्याच फटक्यात तीन डोलकाठ्यांचं गलबत घेऊ नका. भाऊच्या धक्क्यावर दिसते तशी साधी मच्छीमार होडी, लांबी 30 सेंमी, पुरेशी आहे.

कणा (होडीच्या तळाचा लांब मधला तुकडा) आणि त्यावर बसणाऱ्या आडव्या चौकटी 3 मिमी प्लायच्या कापा. प्रत्येक चौकट कण्याशी गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) काटकोनात बसवून फेविकॉल लावा, रात्रभर सुकू द्या. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत दुप्पट वेळ धरा. मग एक पट्टी होडीच्या लांबीच्या दिशेने सगळ्या चौकटींवर टेकवून बघा. जिथे फट दिसेल किंवा उंचवटा लागेल तिथे 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. हे कंटाळवाणं काम टाळलं की पुढे पोटाला खड्डे पडतात.

1.5 मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे होडीच्या फळ्या, अर्धा तास पाण्यात भिजवा, चौकटींवर वाकवून चिमट्यांनी धरा, पण चिकटवा पूर्ण सुकल्यावरच. ओली पट्टी सुकताना आकसते, फटी उघडतात. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे. एकच बाजू आधी भरली तर कणा पिळतो आणि तो पीळ नंतर सुटत नाही. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, पट्टी निमुळती करा, मात्र अर्ध्या रुंदीपेक्षा कमी नको.