डिटेलिंगमध्ये काच बिघडली? दुरुस्त करताना या चुका टाळा

डिटेलिंग, म्हणजे बारकाईनं सफाई आणि पॉलिश, करून आणलेल्या गाडीचा रंग त्याच दिवशी बघून होतो. काचेचं खरं रूप दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं, सोलापूरच्या हैदराबाद रोडला सूर्य समोर आला की. पांढरे ओघळ, गोल गोल चरे, वायपरच्या वाटेवर तेलकट पट्टा. मग फोन येतो.

माझं काम गाड्यांच्या काचांचं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक काचा दोनदा बिघडलेल्या असतात. पहिल्यांदा डिटेलिंगवाल्याच्या हातून आणि दुसऱ्यांदा घाईघाईत केलेल्या दुरुस्तीतून. पहिलं नुकसान बऱ्याचदा निघण्यासारखं असतं. दुसरं निघत नाही.

डाग वरचा की काचेतला, हे न बघता घासायला लागणं

सगळ्यात मोठी चूक हीच. हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवा आणि धुतलेल्या काचेवरून बोटं हलकेच फिरवा. डागावर खरखर लागली तर काहीतरी वर बसलंय: बोअरचे क्षार, डांबर, रंगाचा फवारा. काच गुळगुळीत लागते आणि डाग तरी दिसतो, म्हणजे काचच खाल्ली गेली आहे. चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो चरा पॉलिशनं सुरक्षितपणे निघणार नाही. एवढं बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी लोक आधी घासतात आणि मग विचारतात.

सोलापुरात वरचे डाग बहुतेक पाण्याचे असतात. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना उन्हात गाडी धुतली की थेंब पुसण्याआधी सुकतो आणि क्षार काचेवर राहतो. ताजा असेल तर माझी पद्धत साधी आहे. गाडी सावलीत, काच गार. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, त्यात भिजवलेलं फडकं डागावर काही मिनिटं ठेवायचं, सुकू द्यायचं नाही, मग भरपूर पाणी. राहिलंच तर साबणाच्या पाण्यावर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी. त्यानंतर काचेचं पॉलिश, तेही हातानं. यातल्या प्रत्येक पायरीनंतर थांबून बघतो, कारण पुष्कळ वेळा पुढची पायरी लागतच नाही.

ॲसिड

यावर मला सविस्तर बोलायचंय, कारण दर उन्हाळ्यात हेच बघतो.

जुळे सोलापूरचे एक शिक्षक. मुलीच्या साखरपुड्याआधी पांढरी सेडान डिटेलिंगला दिली. काचेवर पाण्याचे ठिपके होते, तिथल्या पोरानं चाकांची रिम धुवायची बाटली घेतली आणि भर उन्हात काचांवर मारली. ठिपके गेले. संध्याकाळी सरांना काचेवर वरून खाली पांढुरके ओघळ दिसले. सरांना वाटलं पाण्याचेच डाग राहिलेत. पुतण्यानं भांड्यांची हिरवी घासणी आणि पावडर घेऊन पुढची काच घासली. त्या घासणीत काचेपेक्षा कठीण कण असतात. ओघळ तिथेच राहिले, वर चऱ्यांचं जाळं पडलं.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात वीतभर जागेवर मी आधी व्हिनेगर, मग काचेचं पॉलिश, मग सेरियम ऑक्साइड (काच घासून चकचकीत करायची बारीक पावडर) लावून बघितलं. चरे थोडे फिके झाले, ओघळ हलले नाहीत. चालकाच्या नजरेसमोर तेवढी काच झिजवणं मला मान्य नव्हतं. पुढची काच बदलायला सांगितली. मागच्या दारांच्या काचा पॉलिशवर निभावल्या. डिटेलिंगवाल्यानं हात वर केले: "काच आधीपासूनच तशी होती." सरांकडे आधीचा फोटो नव्हता.

यातलं कारण समजून घ्या. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक असतं. ते काच खात नाही, पण रबर, क्रोम आणि ॲल्युमिनियम खराब करतं. पोरं ते कधीतरी काचेवर वापरतात, काचेला काही होत नाही आणि ॲसिड चालतं असा समज पक्का होतो. पुढच्या वेळी हातात रिमची बाटली येते. अशा काही बाटल्यांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं, आणि ते थेट काच खातं. लेबलवर फ्लोराइड दिसलं की ती बाटली काचेपासून लांब ठेवा. लेबलच नसलेली बाटली मी दुकानात येऊ देत नाही.

काचेपेक्षा मला त्या पोरांच्या हातांची जास्त काळजी वाटते. हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीतून आत उतरतं आणि सौम्य असेल तर दुखणं काही तासांनी सुरू होतं. तोवर आत नुकसान चालू असतं. हातावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याखाली धरा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. दुखायची वाट बघू नका.

सेरियम आणि ड्रिल मशीन

सेरियम ऑक्साइड चांगली वस्तू आहे, माझं रोजचं काम त्याच्यावर चालतं. पण व्हिडिओत दोन मिनिटांत चरा जातो, म्हणून लोक ड्रिलला फेल्टचं पॅड लावून एकाच जागी दाबून धरतात. पॉलिश करणं म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूची काच झिजवणं. एकाच जागी झिजवली की तिथे खळगा पडतो आणि त्यातून समोरचा विजेचा खांब वाकडा दिसतो. दिवसा त्याची सवय होईल, रात्री समोरच्या ट्रकचे दिवे त्यातून फाटून दिसतात.

दुसरा धोका उष्णतेचा. पुढच्या काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, आणि त्या काचा दारांच्या काचांसारख्या टफन्ड (तापवून कणखर केलेल्या) नसतात. एकाच जागी तापल्या की तडकतात. आधीच कुठे दगड लागलेला असेल तर नक्कीच धोका.

मी चऱ्याला आतल्या बाजूनं मार्करनं खूण करतो, रबर आणि वायपरखालच्या जाळ्या टेपनं झाकतो, सेरियम पातळ ताकासारखं कालवतो. मशीन कमी वेगावर, पॅड सतत ओलं, चऱ्याच्या आजूबाजूला मोठ्या भागावर फिरतं. दर थोड्या वेळानं आतून हात लावून बघतो. काच कोमट लागली की थांबायचं. तळहाताएवढ्या जागेला अर्धा दिवस गेला तरी चालेल. ज्याला एवढा धीर नाही त्यानं हे काम हातात घेऊ नये, मग तो मालक असो की कारागीर.

बाकीच्या चुका

दगडाची छोटी टिचकी असेल तर गाडी धुण्याआधी तिच्यावर पारदर्शक टेप लावा. आत पाणी आणि शाम्पू गेला की टिचकी भरायचं रेझिन नीट धरत नाही. तापलेल्या काचेवर गार पाण्याचा प्रेशर मारला तर टिचकीची तड होते.

सिरॅमिक कोटिंगनंतर वायपर थडथडत असेल तर आधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मग वायपरचं रबर बघा. तरी थडथडलं तर पुढच्या काचेवरचं कोटिंग पॉलिशनं उतरवा. गाडीच्या रंगाचं वॅक्स पुढच्या काचेवर कधीच नको, पहिल्या पावसात रात्री काही दिसत नाही.

मागच्या काचेची फिल्म ब्लेडनं खरवडू नका, डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, रेषा तुटतात. वाफेनं सैल करून सोला. तुटलेली एखादी रेषा चांदीच्या वाहक रंगानं जोडता येते.

टॉवेल आपल्या गावात उत्तम मिळतो, तो वापरा. पण दाराखालची पट्टी पुसलेला तोच टॉवेल काचेवर नको. वाळूचा कण काचेपेक्षा कठीण असतो.

काच बदलायचीच असेल तर

विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, पण क्लेम घेतल्यानं नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाऊ शकतो, म्हणून आधी दोन्ही आकडे मांडा. नवीन पुढची काच युरेथेननं चिकटवतात. ते पुरतं धरायच्या आत गाडी हलवू नका आणि किती तास थांबायचं ते बसवणाऱ्याकडून लिहून घ्या, कारण अपघातात एअरबॅगला आधार त्याच काचेचा असतो. त्यानंतरही एक-दोन दिवस प्रेशर वॉश नको.

पुढच्या वेळी गाडी डिटेलिंगला सोडताना चारही बाजूंच्या काचांचे फोटो, उन्हाकडे तोंड करून, त्याच्या समोर काढा. पाणी बोअरचं की साधं ते विचारा. आणि काचेवर काय मारणार ती बाटली बघायला मागा. दाखवली नाही तर गाडी परत घ्या.