कोऱ्या भिंतीवरचा रंग रोलरसोबत सालपटासारखा निघत होता, असा थांबला

वॉलपेपर न लावता थेट प्लास्टरवर रंग देत होतो, पण दुसरा हात मारायला घेतला की पहिला हात रोलरला चिकटून सुटायचा आणि खाली पांढरी भुकटी दिसायची. रंग बदलून बघितला, घट्ट केला, दोन हातांत जास्त गॅप ठेवला, काही फरक नाही. जाम वैताग आला.

दोष रंगात नव्हताच, भिंतीत होता. तळहात फिरवला की हात पांढरा होत असेल तर रंग भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटतो. शिवाय कोरं प्लास्टर रंगातलं पाणी झटकन पिऊन टाकतं.

मग सुटलेला रंग स्क्रॅपरने काढला, १२० नंबरच्या सँडपेपरने सगळी भिंत घासली (मास्क लावाच), कोरड्या ब्रशने आणि मग ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळू दिली. त्यानंतर वॉटर बेस प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात), डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालून, आत मुरेल असा. वाळल्यावर मास्किंग टेप घट्ट दाबून झटक्यात ओढली, भुकटी आली नाही तरच पुढे. खड्ड्यांत पुट्टी, १८० ने घासून धूळ पुसली आणि परत प्रायमर, नुसत्या पुट्टीवर नाही तर अख्ख्या भिंतीवर, नाहीतर डाग दिसतात. मग रंगाचे दोन पातळ हात, मध्ये चारेक तास.

प्लास्टर नवीन असेल तर आधी निदान २८ दिवस वाळू द्या, ओल असेल तर यातलं काहीच टिकणार नाही.