लाकडाच्या गॅसवर पिकअप चालवायचीय? मग टाकीतल्या मोटरचं काय करायचं ते बघा

आधीच सांगतो, फ्युएल पंप म्हणजे हायवेवरचा पेट्रोल पंप नाही, टाकीत बुडालेली ती छोटी इलेक्ट्रिक मोटर, चावी फिरवली की मागून दोन सेकंद गुणगुणते ती. लाकडाचा गॅस बनवायची भट्टी कशी वेल्ड करायची, फिल्टर कसा करायचा यावर सगळे तासन् तास बोलतात, पण या मोटरबद्दल कुणीच धड सांगत नाही आणि गाडी अडते ती नेमकी इथेच.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही कोळशाच्या गॅसवर बस धावायच्या, पण त्यांना कार्ब्युरेटर होता, पेट्रोलचा कॉक बंद केला की काम संपलं. आताच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत मोटर, रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी), इंजेक्टर, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) असं सगळं लचांड आहे. आणि डिझेल गाडी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाहीच, कारण डिझेल इंजिनला ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो, नुसत्या गॅसवर ते पेटत नाही, थोडं डिझेल चालूच ठेवावं लागतं, त्यामुळे त्याचा पंप बंद करायचा प्रश्नच येत नाही.

मी पहिल्यांदा काय केलं तर शहाणपणा करून मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट वायर दिली आणि मध्ये एक टॉगल स्विच टाकला. एक दिवस मुरबाडच्या शेतावर गाडी बंद केली, चावी खिशात टाकली, स्विच विसरलो आणि सकाळी बॅटरी ठार झोपलेली. बॅटरीचं सोडा, खरा धोका वेगळाच आहे. इंजिन बंद पडलं की ईसीएम एकदोन सेकंदात मोटर बंद करतो, म्हणजे ठोकर लागून लाईन फुटली तरी पेट्रोल रस्त्यावर ओतत बसत नाही, आणि डायरेक्ट वायर दिली की तुम्ही ही सेफ्टीच काढून टाकता. म्हणून नियम एकच, आपला स्विच ईसीएमच्या लाईनमध्ये पुढे जोडायचा, तिला बाजूने बायपास कधीच द्यायचा नाही.

वागळे इस्टेटला सीएनजी किट बसवणारे एक मिस्त्री आहेत, त्यांना विचारलं तर हसून म्हणाले, "अहो, तुम्ही जे शोधताय ते आम्ही रोज करतो की." आणि खरंच आहे, पेट्रोलवरून सीएनजीवर आणि परत नेणारा चेंजओव्हर स्विच म्हणजे हेच. मग त्यांच्याच पद्धतीने केलं.

बाजारात १२ व्होल्टचा पाच पायांचा रिले, म्हणजे छोट्या करंटने चालणारा स्विच, मिळतो, ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए असे नंबर असतात त्यावर. फ्यूज बॉक्समधून मोटरकडे जाणारी वायर शोधा, ती ओळखायची खूण म्हणजे चावी ऑन केली की टेस्ट लॅम्प दोन सेकंद पेटतो आणि विझतो. काही गाड्यांत त्याच लाईनवरून इंजेक्टर किंवा ऑक्सिजन सेन्सरलाही सप्लाय जातो, तेव्हा फाटा जिथे फुटतो त्याच्या पुढे, फक्त मोटरची वायर कापायची, आणि कापण्याआधी बॅटरीची मायनस काढायची. गाडीकडून येणारं टोक ३० ला, मोटरकडे जाणारं ८७ए ला. ८६ ला चावी ऑन असतानाच येणारा सप्लाय, मध्ये फ्यूज आणि डॅशबोर्डवरचा स्विच, ८५ बॉडीला अर्थ. ८७ मोकळा, त्याच्यावर टेप मारा.

८७ए का घेतला? तर स्विच बंद असला, स्विचची वायर तुटली किंवा रिलेची कॉइल जळली तरी मोटरची लाईन जोडलेलीच राहते आणि गाडी नेहमीसारखी पेट्रोलवर घरी येते. स्विच दाबला तरच मोटर थांबते. जोड फ्यूज बॉक्सजवळच करा, टाकीपाशी सोल्डरिंग वगैरे अजिबात नको, आणि मोटरच्या लाईनला जुना फ्यूज आहे तोच राहू द्या, मोठा टाकू नका.

आता नुसती मोटर बंद करून भागत नाही. रेलमध्ये साधारण ३ बार प्रेशर असतं, ते उतरेपर्यंत पेट्रोल आणि गॅस दोन्ही जातात, मग इंजेक्टर कोरडेच टिकटिकत बसतात, ईसीएमला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो वाढवत सुटतो आणि परत पेट्रोलवर आलात की गाडी काळा धूर सोडते. म्हणून आधी इंजेक्टर बंद करा, तेही सीएनजीवाल्यांच्या इम्युलेटरने, म्हणजे ईसीएमला इंजेक्टर जागेवर आहेत असं वाटत राहतं आणि चेक इंजिनचा दिवा लागत नाही.

चालवायचं असं: पेट्रोलवर चालू करायची, भट्टीचा गॅस बाहेरच्या नळीवर पेटवून ज्योत स्थिर आहे का बघायची, मग एक्सलेटर थोडा वर धरून गॅसचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडत इंजेक्टर बंद, हवेचा व्हॉल्व्ह हाताने जुळवायचा कारण या गॅसला हवा जवळपास त्याच्याइतकीच लागते, आणि इंजिन स्थिरावलं की मग मोटर बंद. परत पेट्रोलवर येताना उलट, आधी मोटर चालू, तीनपर्यंत मोजायचं, मग इंजेक्टर. ताकद चांगली तिसऱ्या हिश्श्याने तरी उतरते, गायमुखचा घाट चढायची स्वप्नं बघू नका. तसंही आरटीओच्या परवानगीशिवाय असा बदल केलेली गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, शेतावरच फिरवा.

काही जण म्हणतात मोटर चालूच राहू दे, सीएनजीत आम्ही ठेवतोच. ठेवा, पण मग टाकीत पेट्रोलही ठेवा. ही मोटर पेट्रोलमध्ये बुडून थंड राहते, गॅसवर चालतोय म्हणून टाकी रिकामी ठेवून मोटर जाळलेले सीएनजीवाले ठाण्यात गल्लोगल्ली सापडतील. मी तासभराच्या वर गॅसवर चालवणार असेन तरच बंद करतो.

रिले तोंड खाली करून लावा, आपल्याकडचा पावसाळा माहितीय ना, वायरला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. गॅसच्या पाइपपासूनही लांब, कारण रिलेत ठिणगी पडते. आणि या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, वास नाही, रंग नाही, त्यामुळे भट्टी शटरच्या आत पेटवायची नाही म्हणजे नाही, बाहेर कितीही धो धो पडत असला तरी.

शेवटी एक टेस्ट. पेट्रोलवर आयडलला गाडी ठेवा, चावी ऑनच राहू दे आणि गिअरमध्ये क्लच सोडून मुद्दाम बंद पाडा, ब्रेक दाबून आणि मोकळ्या जागेत. कुणालातरी टाकीजवळ कान लावून उभं करा. दोनतीन सेकंदात गुणगुण थांबली पाहिजे, नाही थांबली तर कुठेतरी डायरेक्ट वायर राहिलीय, ती सापडेपर्यंत भट्टी पेटवू नका.