कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्यास काय करावे: खानदेशातील कामकरी स्त्रियांसाठी

नंदुरबारला मिरचीचे देठ खुडणारी, जळगावच्या डाळमिलमध्ये रोजंदारीवर जाणारी, रावेर-यावलकडे केळीच्या पॅकिंगला जाणारी, धुळ्याच्या दवाखान्यात केसपेपर काढणारी, अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेत कंत्राटावर शिकवणारी, या सर्वजणींना एकच कायदा संरक्षण देतो, तो म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा. हा कायदा मोठ्या शहरांतल्या कंपन्यांसाठी आहे, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे आणि त्याने फार नुकसान केले आहे. मुळात हा कायदा घडला तो राजस्थानातील भंवरी देवी या ग्रामीण कार्यकर्तीमुळे. बालविवाह रोखू पाहिला म्हणून 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, 1997 मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम घालून देणारा विशाखा निकाल लागला आणि त्याच पायावर हा 2013 चा कायदा उभा राहिला.

लैंगिक छळ म्हणजे केवळ अंगाला हात लावणे नव्हे. नको असलेला स्पर्श किंवा लगट, शरीरसुखाची मागणी, लैंगिक अर्थाची शेरेबाजी, अश्लील व्हिडिओ किंवा चित्रे दाखवणे आणि तशाच स्वरूपाचे नकोसे बोलणे, हावभाव किंवा वर्तन, हे सारे त्यात येते. ‘माझे ऐकलेस तर हजेरी भरून देतो’ हे आमिष आणि ‘नाहीतर उद्यापासून येऊ नको’ ही धमकी, दोन्ही त्यातच मोडतात. ‘भाऊंचा स्वभावच तसा, ते सगळ्यांशीच असे बोलतात’ हे समर्थन नेहमी ऐकू येते. परंतु ते वागणे तिला नको होते का, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. घर चालवायचे म्हणून ती त्या वेळी गप्प राहिली असेल, तर तिची संमती होती असा अर्थ त्यातून निघत नाही.

हंगामी, रोजंदारी, ठेकेदारामार्फत आलेल्या, बिनपगारी आणि शिकाऊ अशा सर्व कामगार स्त्रिया या कायद्यात येतात. मालकाने ने-आण करण्यासाठी दिलेली गाडी किंवा कामानिमित्त जावे लागलेले ठिकाणही कामाचे ठिकाण मानले जाते.

घटना घडल्यावर पहिले काम म्हणजे ती त्याच दिवशी लिहून ठेवणे, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या प्रकरणाचे बळ या टाचणावर अवलंबून असते. जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बाईने ‘मुकादमाने त्रास दिला’ एवढेच लिहिले, तर दोन महिन्यांनी तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीसमोर तिला स्वतःलाच सारे आठवत बसावे लागेल. त्याऐवजी तारीख घालून असे लिहावे: ‘शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास हजेरीची वही दाखवतो म्हणून मुकादमाने मला वजनकाट्यामागे बोलावले, माझे मनगट धरले आणि एकटी का राहतेस, मी आहे ना, असे म्हणाला. मी हात सोडवून बाहेर आले. पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या दोघींनी मला रडताना पाहिले. सोमवारी पूर्ण दिवस काम करूनही माझी अर्धीच हजेरी लावली.’ यातले शेवटचे वाक्य मनगट धरण्याइतकेच मोलाचे आहे, कारण नकार दिल्यावर काय भोगावे लागले ते त्यातून दिसते. त्याने वापरलेले शब्द कितीही ओंगळ असले तरी जसेच्या तसे लिहावेत. तो अहिराणीत बोलला असेल तर अहिराणीतच. लिहिता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाकडून लिहून घ्यावे किंवा मोबाइलमध्ये स्वतःच्या आवाजात सांगून ठेवावे. त्याचे मेसेज संतापाच्या भरात पुसून टाकू नयेत. क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असे त्यांचे स्क्रीनशॉट काढावेत आणि मूळ मेसेजही फोनमध्ये राहू द्यावेत.

तक्रार कोठे करायची हे कामाच्या जागेवरून ठरते. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि हे दहा म्हणजे स्त्री-पुरुष मिळून दहा. समितीची अध्यक्ष स्त्री असते, निम्म्याहून कमी सदस्य स्त्रिया असून चालत नाही आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. दहापेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. आपल्याकडची असंख्य दुकाने, दवाखाने, गोदामे आणि खळी यांच्यासाठी हीच समिती आहे, पण तिचे नावही बहुतेकींनी ऐकलेले नसते. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात तिची चौकशी करावी. धडगाव किंवा चोपड्याहून जिल्ह्याच्या गावी खेप घालणे प्रत्येकीला जमत नाही, म्हणून तालुक्याला आणि नगरपालिकेला समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे. त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची असते. इंटरनेट हाताळता येत असेल तर केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. दहा माणसे असूनही समिती नेमलेली नसेल, तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही बाब जिल्हा अधिकाऱ्याला लेखी कळवावी.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते; त्रास वारंवार झाला असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. उशिराला सबळ कारण असेल तर समिती कारण नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीच्या सहा प्रती कागदपत्रांसह आणि साक्षीदारांच्या नाव-पत्त्यांसह द्याव्यात. आपल्याजवळच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तेथून निघू नये. जिला लिहिता येत नाही तिची तक्रार लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचेच काम आहे.

तीन महिने बहुतेकदा वाया जातात ते ‘आपसात मिटवून टाका’ या आग्रहात. मालक सासरच्या नात्यातला निघतो, भाऊबंद बैठक बसवतात, मुलीच्या लग्नाचा विषय निघतो आणि दिवस सरतात. कायद्यातही समेटाची सोय आहे, पण ती फक्त पीडितेने स्वतः मागितली तरच, समितीमार्फत, आणि पैशाच्या देवघेवीवर मुळीच नाही. ओसरीवरच्या बैठकीला कायद्यात कोणतेही स्थान नाही आणि तिच्यासाठी तक्रार लांबवू नये.

चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हावी लागते. तोवर त्याच माणसाच्या हाताखाली काम करणे अशक्य असेल, तर त्याची किंवा स्वतःची बदली, हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, किंवा आपल्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये असा आदेश लेखी मागता येतो. समितीसमोर कोणत्याही बाजूला वकील आणता येत नाही, त्यामुळे समोरचा पैसेवाला आहे म्हणून बिचकू नये. पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही आणि तक्रारदार बाईला शिक्षाही होत नाही. तिचे नाव जाहीर करण्यास कायद्याने मनाई आहे.

समिती आणि पोलीस हे दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 नुसार नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी यांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि माहिती महिला पोलीस अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. तातडीच्या वेळी 112, तर सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन 181 आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो.

दोष सिद्ध झाल्यास मालकाने समितीचा अहवाल मिळाल्यापासून 60 दिवसांत कारवाई करायची असते. त्याने ती केली नाही, किंवा समितीची शिफारस मान्य नसेल, तर 90 दिवसांत अपील करता येते. म्हणून अहवालाची प्रत हाती आल्याची तारीखही त्याच टाचणाच्या वहीत लिहून ठेवावी.