विषाणूला पाय नसतात: पेशीतला प्रवास शिकताना या चुका टाळा

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बारावीची मुलं शिकायला येतात. पेशीत शिरलेला विषाणू पुढे कसा जातो ते काढा म्हटलं, की निम्म्या वह्यांत त्याला सहा पाय फुटतात. गल्लत होते टी-४ या बॅक्टेरियोफाजच्या, म्हणजे जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूच्या, चित्रामुळे. ते पाय नव्हेत, जिवाणूला घट्ट धरायचे तंतू आहेत. त्याचं कवच आत जातच नाही. फक्त डीएनए आत सोडलं जातं.

दुसरी चूक जास्त मुरलेली आहे: विषाणू तरंगत केंद्रकापाशी पोहोचतो. पाण्यात शाई पसरते, तसं. पण पेशीतला द्रव प्रथिनांनी गच्च भरलेला असतो. मी वाटीभर श्रीखंडात एक चारोळी टोचून मेजावर ठेवते. तास संपला तरी ती तिथेच असते. ओठावर पुरळ उठवणाऱ्या हर्पिसचं कवच सुमारे १२५ नॅनोमीटरचं. मज्जातंतूत ते नुसतं पसरत सेंटिमीटरभर जायचं, तर शेकडो वर्षं लागतील.

म्हणून विषाणू पेशीचीच मोटर प्रथिनं, म्हणजे माल वाहून नेणारी प्रथिनं, पकडतो. ती सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीतल्या रुळांसारख्या बारीक नळ्यांवरून, चालतात. १९८५ साली माकुलाच्या (स्क्विडच्या) मज्जातंतूतून सापडलेलं कायनेसिन हे मोटर प्रथिन दर पावलाला ८ नॅनोमीटर पुढे जातं आणि एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतं. इथे दिशा उलट लिहिली जाते. साधारणपणे डायनीन हे दुसरं मोटर प्रथिन केंद्रकाकडे नेतं, कायनेसिन पेशीच्या कडेकडे. हर्पिसच्या कवचाला दोन्ही चिकटू शकतात, म्हणून ते मध्येच मागेही सरकतं. समसूत्री विभाजनात वाचलेलं कोल्चिसीन हे सूक्ष्मनलिका मोडणारं रसायन आठवा: सूक्ष्मनलिका मोडल्या की ही वाहतूकही रखडते.

प्रत्येक विषाणू केंद्रकात जातो, हेही चूक. रेबीजचा विषाणू पेशीद्रवातच वाढतो.

रेबीजवरून आठवलं. गेल्या मे महिन्यात एक मुलगा पोटरीला कुत्रा चावलेला तसाच शिकवणीला आला. म्हणाला, "बाई, पायालाच तर चावलाय, मेंदू कुठे राहिला! उद्या बघू." पण हा विषाणू स्नायूतून मज्जातंतूत शिरला, की त्याच रुळांवरून वर सरकतो, आणि तिथे लशीने तयार झालेल्या प्रतिपिंडांच्या हाती सहज लागत नाही. मी पुस्तक मिटलं, त्याचा पाय नळाखाली धरून साबणाने १५ मिनिटं धुतला आणि तशीच त्याला लशीसाठी घेऊन गेले.