कटआऊट का उडाला, ते आधी शोधा

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन निघालेली पोरं आमच्याकडे पुण्यात कामाला येतात तेव्हा त्यांना स्टार-डेल्टा (मोटारची जोडणी) तोंडपाठ असतं, मोटारचं वाइंडिंगही जमतं. पण घरातला गिझर जास्त तापतोय म्हटलं की हात सरळ नव्या थर्मोस्टॅटकडे (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागाकडे) जातो. जुना काढला, नवा बसवला, पैसे घेतले, निघाले. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतंही. पण भागलं नाही की महिन्याभरात त्याच घरातून फोन येतो, आणि या वेळी काकू चहाचं विचारत नाहीत.

या कामाचा हंगाम दिवाळीच्या तोंडावर सुरू होतो. उन्हाळ्यापासून बंद पडलेले गिझर अभ्यंगस्नानासाठी चालू होतात आणि फोन लागतात: "दादा, नळातून वाफ येतेय." अशा वेळी घरी जाण्याआधी फोनवरच सांगायचं, बोर्डावरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पाडा. बाथरूमबाहेरचं नुसतं बटण बंद करून भागत नाही. ते एकच वायर तोडतं, आणि जुन्या वायरिंगमध्ये ती वायर फेजचीच, म्हणजे वीज आणणारीच, असेल याची खात्री नसते. पाणी निवेपर्यंत नळाला हात लावू नका, दाब वाढला की उघडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकत असेल तर खाली उभे राहू नका, हेही सांगा.

पोचल्यावर पेचकस काढण्याआधी दोन गोष्टी विचारा: लाल दिवा विझतो का, आणि किती वेळाने? १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर २५ अंशांचं पाणी ६५ पर्यंत न्यायला साधारण २१ मिनिटं घेतो. २५ लिटरचा पस्तीसेक मिनिटं. हा हिशेब डोक्यात असला की निम्मं निदान बाथरूमच्या दारातच होतं. दिवा विझायला फार वेळ लागत असेल तर एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या, आत कॉइल असलेल्या नळीवर) क्षार साचलेत किंवा व्होल्टेज कमी आहे (२०० व्होल्टला २ किलोवॅटचे जेमतेम दीड उरतात). दिवा विझतच नसेल, तर संशय थर्मोस्टॅटवर. पण फक्त संशय.

थर्मोस्टॅट दोषी आहे का, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. तो काढा, मल्टीमीटर बझरवर (आतली जोडणी सलग असली की तो वाजतो) लावा. थंड असताना आवाज आला पाहिजे. मग काकूंकडून पातेल्यात गरम पाणी मागून घ्या, त्यात दांडी बुडवा, शेजारी थर्मामीटर धरा. ठरलेल्या तापमानाच्या जवळपास आवाज थांबला तर थर्मोस्टॅट ठणठणीत आहे. उकळत्या पाण्यातही बझर वाजत राहिला तर आतले पॉइंट चिकटलेत, तो बदला. टर्मिनलवरच्या क्लिपा काळ्या पडल्या असतील तर त्याही बदला, कारण सैल क्लिप तापते आणि नवा थर्मोस्टॅटही जाळते.

आता खरी गंमत. थर्मोस्टॅट चांगला आहे, तरी दिवा विझत नाही आणि पाणी उकळतंय. नवीन माणूस इथे गडबडतो, म्हणून हे नीट समजून घ्या. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे लागलेत, आणि एलिमेंटची नळी चिरून कॉइल बॉडीला टेकलीय. दोन्ही दोष एकत्र आले की थर्मोस्टॅट फेजऐवजी न्यूट्रल तोडतो. कॉइलवर फेज तसाच राहतो आणि करंट चिरेतून टाकीवाटे अर्थिंगला जातो. पाणी तापतच राहतं. एकाच वायरवर काम करणारा कटआऊट (पाणी फारच तापलं की उडून वीज तोडणारा सुरक्षेचा स्विच) असेल तर तो उडूनही उपयोग नसतो. चीर कॉइलच्या न्यूट्रलकडच्या टोकाशी असेल तर करंट जवळजवळ नेहमीइतकाच, म्हणून एमसीबीही पडत नाही. दिव्याला तर काहीच कळत नाही, तो पेटलेलाच. बाहेरून हे हुबेहूब चिकटलेल्या थर्मोस्टॅटसारखं दिसतं, आणि बाथरूममध्ये माणूस ओल्या अंगाने उभा असतो.

म्हणून सवय लावून घ्या: प्रत्येक घरी आधी सॉकेट तपासायचा. समोरून पाहताना अर्थ वर, फेज उजवीकडे. मग एमसीबी पाडून, एलिमेंटच्या वायरी सोडवून मोजा. २ किलोवॅटच्या एलिमेंटला दोन टोकांत सुमारे २६ ओहम दिसायला हवेत, आणि टोक ते बॉडी काहीच दिसता कामा नये. गळती बारीक असेल तर मल्टीमीटर फसवतो. ५०० व्होल्टचा मेगर (बारीक गळतीही दाखवणारा मीटर) लावा. मेगर महाग वाटतो, पण पहिल्या पगारातून मोबाइल घेण्याआधी तो घ्या असं मी पोरांना सांगतो. ऐकत कुणी नाही. घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर ही गळती तो आधीच पकडतो. नसेल तर बसवायला सांगा.

क्षारांचं दुखणं टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या भागात जास्त, वाघोली-उंड्रीकडे तर विचारूच नका. गिझरमधून खदखद आवाज येतो तो याचाच. थर्मोस्टॅट ज्या नळीत बसतो तिच्यावर पापुद्रा चढला की पाण्याचं तापमान त्याला उशिरा कळतं, तोवर पाणी ठरल्यापेक्षा जास्त तापलेलं असतं. फ्लँज (एलिमेंट बसवलेलं टाकीचं झाकण) उघडला तर गॅस्केट (त्याखालची रबरी चकती) नवीनच लावा. काचेचा लेप असलेल्या टाकीत पेचकसने खरवडू नका, आणि बाथरूम धुवायचं ॲसिड तर अजिबात ओतू नका. ते एलिमेंटचं तांबं खातं. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात एलिमेंट भिजत ठेवलं की पापुद्रा सुटतो. टाकी गंजू नये म्हणून बसवलेली मॅग्नेशियमची दांडी झिजून तार उरली असेल तर तीही बदला, नाहीतर पाणी टाकीला खाईल.

मे महिन्यातली एक तक्रार मात्र वेगळीच. "गिझर महिनाभर लावलाच नाही, आणि आज लावला तर चालत नाही." उघडून पाहिलं तर कटआऊट उडालेला. गच्चीवर सोलर असतो आणि त्याचं पाणी गिझरच्या इनलेटला जोडलेलं असतं. काचेच्या नळ्यांचा सोलर उन्हाळ्यात, पाणी वापरलं गेलं नाही तर, सहज ८० अंशांच्या वर जातो. तेच पाणी टाकीत येतं आणि बंद गिझरचा कटआऊट उडवतं. इथे गिझरमध्ये काहीच बिघाड नाही. कटआऊटचं लाल बटण दाबा, आणि प्लंबरकडून दोन कॉक टाकून बायपास करून घ्या, म्हणजे उन्हाळ्यात सोलरचं पाणी गिझरला वळसा घालून जाईल.

गॅस गिझरवर इतक्यात हात टाकू नका. तिथे जास्त तापण्याचं कारण बहुतेक वेळा पाण्याचा कमी दाब असतो, पण बंद बाथरूममध्ये साचणारा कार्बन मोनॉक्साइड माणूस मारतो आणि त्याला वास नसतो. ते काम जाणत्या माणसाबरोबर शिका.

राहिला 'डायरेक्ट'चा विषय. कटआऊट सारखा उडतो म्हणून दोन वायरी जोडून तो काढून टाकणारे लोक या धंद्यात आहेत, आणि गिऱ्हाईकही "तात्पुरतं करून द्या ना" म्हणतं. थर्मोस्टॅट चिकटला, कटआऊट डायरेक्ट आहे आणि ८ बारला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारांनी जाम आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या की टाकी फुटते. भिंतीसकट. गिऱ्हाईक खर्चाला तयार नसेल तर प्लग काढून ठेवा, बिलावर "गिझर वापरू नये, एलिमेंट बॉडीला लागलं आहे" असं लिहा, सही घ्या आणि त्या बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.