गुडघेदुखीची गोळी आणि बीपी, दोन्ही कसं सांभाळायचं

संधिवात आणि बीपी दोन्ही असेल तर आधी घरातल्या पेनकिलरची पट्टी उलटी करून नाव वाचा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एसेक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब यातलं काही असेल तर जरा थांबा, कारण ह्या गोळ्या किडनीला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात आणि मग बीपी वर सरकतं, पायावर सूजपण येते. शिवाय टेल्मीसार्टन, रामिप्रिल यासारखी बीपीची गोळी किंवा लघवीची गोळी चालू असेल तर तिचाही जोर कमी होतो, अम्लोडिपिन ह्या बीपीच्याच गोळीवर मात्र हा परिणाम बराच कमी दिसतो.

आता करायचं काय, तर पेनकिलर सुरू करायच्या आधी दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजून वहीत लिहा, पाच मिनिटं शांत बसून, आणि सुरू केल्यावर पुढचे दोन आठवडे तसंच चालू ठेवा. वाढलेलं दिसलं तर वही घेऊन डॉक्टरकडे जा, बीपीची गोळी मनानं वाढवू नका. 140/90 च्या वर सतत असेल तर एटोरिकॉक्सिब नकोच.

एकदोन सांधेच दुखत असतील तर आधी डायक्लोफेनॅकचं जेल लावून बघा, ते रक्तात फार थोडं उतरतं. पॅरासिटामॉल बरी, पण रोज 4 ग्रॅम घेतली तर तिनेही बीपी वाढतं हे 2022 च्या एडिनबरातल्या अभ्यासात दिसलंय. आणि प्लीज, मेडिकलवाल्याकडून नुसती "दुखण्याची गोळी द्या" म्हणून आणू नका, मला बीपी आहे हे त्याला आधी सांगा!